अमेरिकेची वाट आणि धर्मापुरीचे घर



धर्मापुरीहून आलेले एक पत्र गेले आठ दिवस आमच्या टेबलावर आहे. बीड जिल्ह्यातील हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे ठाऊक आहे. पत्र लिहिणाऱ्या बंधूंचे आयुष्य मात्र त्या शिल्पांत गुंतलेले नाही. ते गुंतलेले आहे कोयत्यात. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबांप्रमाणे तेही मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा उलटला की पत्नीसह ऊसतोडीस निघतात. त्यांचा मुलगा बारावीत आहे. शहरातील एका एजंटाने त्यांस सांगितले आहे की, मुलास बारावी होताच अमेरिकेस पाठवा. पहिल्या वर्षाचा पैसा तेवढा उभा करा, पुढचे तेथे गेल्यावर आपोआप जमते. पैसा उभा करावयाचा म्हणजे असलेली दोन एकर जमीन गहाण टाकावयाची. बंधू विचारतात, "बाबासाहेब अमेरिकेत शिकले, मग आमच्या मुलाने का शिकू नये? तेथली शाळा-कॉलेजची रीत कशी आहे, ती आम्हांला समजेल अशी सांगा." पत्राच्या अखेरीस एक ओळ मुलीविषयी आहे. ती नववीत आहे, आणि धाकट्या भावंडास सांभाळावयास तिला हंगामात बरोबर न्यावे लागते.

प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या धर्मापुरीचा नाही. म्हणून उत्तर सर्वांसमक्ष देतो.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे, कारण एजंट लोक या घोळावरच पोट भरतात. आपल्याकडे दहावी झाली की मुलगा 'कॉलेजात' जातो. अकरावी-बारावीला आपण ज्युनियर कॉलेज म्हणतो. अमेरिकेत बारावी संपेपर्यंत मूल शाळेतच असते. नववी ते बारावी ही चार वर्षे म्हणजे हायस्कूल, साधारण वयाच्या चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत. त्यापुढील चार वर्षांच्या पदवी-शिक्षणाला तेथे कॉलेज म्हणतात. पदवी झाल्यानंतर पुढे शिकणाऱ्यास ते 'ग्रॅज्युएट स्टुडंट' म्हणतात. आपण ज्याला पदव्युत्तर विद्यार्थी म्हणतो तो हाच. ज्या संस्थेत कॉलेज, पदव्युत्तर विभाग आणि कायदा-वैद्यकासारख्या व्यावसायिक शाळा एकत्र असतात, तिला विद्यापीठ म्हणावयाचे. इतके ध्यानात ठेवले तरी अर्धे धुके निवळते.

दुसरी गोष्ट अशी की, अमेरिकेत शिक्षण हा मध्यवर्ती सरकारचा विषय नव्हे, तो प्रत्येक राज्याचा विषय आहे. राज्याखाली शाळा-जिल्हे असतात आणि शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता-करातून भागतो. आपल्याकडे बोर्डाची एक परीक्षा होते आणि त्या थोड्या दिवसांत मुलाचे दैव ठरते. तशी देशभरची एक परीक्षा तेथे नाही. हायस्कूलचा विद्यार्थी प्रत्येक विषयाचे 'क्रेडिट' मिळवीत जातो. वर्षभर वर्गात बसावे, गृहपाठ करावा, चाचण्या द्याव्यात, आणि त्या सर्वांवरून शिक्षकाने श्रेणी द्यावी, अशी रीत आहे. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास यांची ठराविक क्रेडिटे जमली की डिप्लोमा मिळतो. श्रेणींची सरासरी चारपैकी काढतात. हुशार विद्यार्थ्यास शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचे विषय घेण्याची सोय १९५५ सालापासून आहे.

ही रीत सौम्य वाटते, आणि काही अंशी ती सौम्य आहेच. परीक्षेच्या दिवशी ताप आला म्हणून तेथे कोणाचे वर्ष बुडत नाही. परंतु तिची दुसरी बाजू पालकांनी नीट ओळखावी. आपल्याकडे आठवी-नववी कशीही काढून दहावीला जोर लावणारा मुलगा तरून जातो. तेथे नववीच्या पहिल्या सत्रापासूनची प्रत्येक श्रेणी उताऱ्यावर चढते व शेवटपर्यंत राहते. भारतातून अर्ज करणाऱ्यासही अमेरिकन कॉलेजे सामान्यतः नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण मागतात. नववी ही आपल्या घरांत सर्वांत दुर्लक्षित इयत्ता होय. तेथे मोजदाद तिच्यापासूनच सुरू होते.

आणखी एक गोष्ट. हायस्कूल ही अमेरिकेतही सर्वांना उघडी असलेली जागा नव्हती. १९१० साली तेथील अठरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे नऊच हायस्कूल पूर्ण करीत. १९४० पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर आले. तीस वर्षांत हे घडले ते गावोगावी लोकांनी स्वतःवर कर बसवून शाळा उभारल्या म्हणून, आणि मुलांना शाळेत ठेवण्याची सक्ती केली म्हणून. मॅसॅच्युसेट्स राज्याने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १८५२ साली केला. मिसिसिपीने तो अगदी शेवटी, १९१८ साली केला. आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते, हे येथे आठवते. मराठवाड्यावर तेव्हा निजामाचे राज्य होते.

आता उदाहरण घेऊ. अमेरिकन हायस्कुलातून अमेरिकन कॉलेजात गेलेला मराठी मुलगा कोण, असे विचारल्यास उत्तर आपल्या फार जवळचे आहे. ज्यांचे 'भगवान बुद्ध' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल, ते धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे. बुद्धाचा शोध घेण्यासाठी त्यांनी घर सोडले, सिंहलद्वीपात पाली शिकले, आणि परत आल्यावर सयाजीराव महाराजांनी त्यांस दरमहा पन्नास रुपये देऊ केले. पुढे 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस बोलाविले. १९१८ सालच्या फेरीत त्यांनी कन्या माणिक व पुत्र दामोदर यांस बरोबर नेले. माणिकबाई तेथे रॅडक्लिफ कॉलेजात शिकल्या. दामोदर तेव्हा अकरा वर्षांचा होता. केंब्रिज गावच्या शाळेत तो शिकला, तेथल्याच हायस्कुलातून बाहेर पडला आणि हार्वर्ड कॉलेजात गेला. १९२९ साली त्याने सर्वोच्च सन्मानासह बी. ए. ची पदवी घेतली. हेच पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांच्यापाशी पीएच. डी. नव्हती. पदवीवरच ते परतले, काशी, अलीगढ व पुणे येथे शिकविले, आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. वडील त्या विद्यापीठात कामावर होते म्हणून मुलास तेथील शाळा मिळाली, हे विसरू नये. शाळेपासून तेथे जावयाचे तर आईबापांपैकी कोणी तेथे कामाला असावे लागते. हे तेव्हाही खरे होते, आजही बहुतांशी खरे आहे.

हायस्कूलनंतर तेथे दोन वाटा फुटतात. एक वाट थेट चार वर्षांच्या कॉलेजात जाते. दुसरी वाट कम्युनिटी कॉलेजातून जाते. हे दोन वर्षांचे, गावाजवळचे, अल्प फीचे कॉलेज होय; इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले. दोन वर्षे तेथे शिकून 'असोसिएट' ही पदवी घ्यावी, आणि मिळविलेली क्रेडिटे बरोबर घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षास दाखल व्हावे. दिवसा काम करून रात्री शिकणारे, तिशीत-चाळिशीत पुन्हा पुस्तक हाती घेणारे, गरीब कामगारांची मुले, हे सारे या दारातून विद्यापीठापर्यंत पोहोचतात. अमेरिकेच्या व्यवस्थेतील ही सर्वांत कौतुकास्पद गोष्ट आहे असे आम्हांस वाटते. नावाजलेल्या विद्यापीठांची नावे सर्वांच्या तोंडी असतात, या कॉलेजांचे नाव मात्र कोणी काढीत नाही.

चार वर्षांच्या कॉलेजात साधारण १२० क्रेडिटे पुरी करावयाची असतात. पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याने सर्वसाधारण विषय घ्यावेत : भाषा, गणित, एखादे विज्ञान, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान. मुख्य विषय, ज्याला ते 'मेजर' म्हणतात, तो बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरतो. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या आठवड्यात मुलगा 'सायन्स की आर्ट्स' हा आयुष्याचा निर्णय करून बसतो, आणि बहुतेक वेळा तो निर्णय गुणपत्रिका व शेजारी मिळून करतात. तेथे विद्यार्थ्यास विचार करण्यास पुढे चार वर्षे मिळतात. वैद्यक व कायदा तेथे हायस्कूलनंतर शिकता येत नाही; आधी चार वर्षांची पदवी, मग वैद्यकाची चार वर्षे किंवा कायद्याची तीन. आपला मुलगा बारावीनंतर थेट एम. बी. बी. एस. ला जातो, तसे तेथे घडत नाही. 'बारावीनंतर अमेरिकेत डॉक्टर करतो' असे जो एजंट म्हणेल, त्यास दारातूनच परत पाठवावे.

प्रवेश कसा मिळतो? शाळेचा उतारा, शिक्षकांची शिफारसपत्रे, स्वतः लिहिलेला निबंध, आणि एस. ए. टी. किंवा ए. सी. टी. या नावाची परीक्षा. एस. ए. टी. १९२६ साली सुरू झाली, ए. सी. टी. १९५९ साली. २०२० नंतर पुष्कळ कॉलेजांनी ही परीक्षा ऐच्छिक केली, काहींनी ती नंतर पुन्हा आवश्यक केली. परदेशी विद्यार्थ्यास याखेरीज इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. यांतील शिफारसपत्रांविषयी आम्हांस थोडे सांगावयाचे आहे. गुणांचा आकडा जात ओळखत नाही. शिफारस लिहिणारा हात ओळखू शकतो. आपल्या मुलांनी आठवी-नववीपासूनच आपल्या कामाची नोंद ठेवावी, वर्गात प्रश्न विचारावेत, जो शिक्षक निःपक्षपणे वागतो त्याच्याशी परिचय वाढवावा. पत्र मागावयास जाताना हातात पुरावा असला म्हणजे लिहिणाऱ्यास कमी लिहिणे अवघड जाते.

आता बाबासाहेबांविषयी, कारण धर्मापुरीच्या बंधूंचा खरा प्रश्न तोच आहे. बाबासाहेब अमेरिकेस बारावी होऊन गेले नाहीत. १९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतल्यानंतर, १९१३ साली, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून दाखल झाले. घर विकून अगर जमीन गहाण टाकून ते गेले नाहीत. बडोदे संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी त्यांस मिळाली होती, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. जे घर आज बाबासाहेबांचे उदाहरण देऊन सावकाराच्या दारी जात आहे, त्याने हा तपशील दोनदा वाचावा.

तेथे त्यांनी काय केले हे पाहिले म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची सारी रीत उलगडते. अमेरिकेत एम. ए. आणि पीएच. डी. दोन्हींसाठी वर्गांत बसून विषय शिकावे लागतात. नुसता प्रबंध लिहून भागत नाही. बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार व राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा एकेक. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तत्त्वज्ञानासाठी जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसावे आणि मानववंशशास्त्रासाठी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात निबंध वाचावा, हे मुंबईच्या कॉलेजात शक्य नव्हते. १९१५ साली प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधावर त्यांस एम. ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा व उत्पत्ती यांवर निबंध वाचला. तो निबंध आजही जगभर शिकविला जातो. त्याच वर्षी प्रोफेसर सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला अर्थशास्त्राचा प्रबंध त्यांनी सादर केला आणि ते लंडनला गेले.

पदवी मात्र हाती आली १९२७ साली. अकरा वर्षांचा हा विलंब विद्वत्तेच्या उणिवेने झाला नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दिल्याखेरीज पीएच. डी. बहाल करावयाची नाही, असा कोलंबियाचा त्या काळी नियम होता, आणि पुस्तक छापावयास पैसा लागतो. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर पदवीची वाट मोकळी झाली. त्याच विद्यापीठाने १९५२ साली त्यांस सन्मानाची एल्एल्. डी. दिली. या अकरा वर्षांचा उल्लेख जयंतीच्या भाषणांत क्वचित होतो. गरीब विद्यार्थ्यास तो सर्वांत उपयोगी पडेल.

आज रीत फार निराळी नाही. एम. ए. किंवा एम. एस. एक ते दोन वर्षांचे असते. पीएच. डी. ला पाच वर्षे, बहुधा त्याहून अधिक लागतात : प्रथम वर्ग, मग पात्रता-परीक्षा, मग प्रबंध आणि त्याचे समर्थन. परंतु पैशाच्या बाबतीत या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि एजंट हा फरक कधी सांगत नाही. चांगल्या विद्यापीठातील पीएच. डी. च्या विद्यार्थ्यास बहुधा फी माफ असते आणि शिकविण्याच्या किंवा संशोधनाच्या साहाय्याबद्दल निर्वाहवेतन मिळते. एम. एस. ला असे साहाय्य क्वचित मिळते. पदवीच्या चार वर्षांसाठी परदेशी विद्यार्थ्यास पूर्ण साहाय्य देणारी विद्यापीठे मोजकी, आणि तेथील चुरस जगभरची. नामांकित खाजगी विद्यापीठांत फी, राहणे, जेवण मिळून वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरांच्याही वर जातो. रुपयांत तो सुमारे सत्तर लाख होतो. आणि हा खर्च चार वेळा करावयाचा असतो. पहिल्या वर्षाचा पैसा बँकेत दाखविल्याशिवाय विद्यार्थ्याचा व्हिसा मिळत नाही. 'पुढचे आपोआप जमते' हे वाक्य ज्याने उच्चारले त्याची दलाली पहिल्याच वर्षी वसूल झालेली असते. तेथे गेल्यावर विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या आवाराबाहेर मन मानेल तसे काम करण्याची परवानगी नसते. सत्र चालू असताना आवारातील काम आठवड्यास वीस तासांपर्यंतच करता येते.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही मुलांना भिववीत आहात. तसे नाही. अमेरिकेची वाट बंद आहे असे आम्ही म्हणत नाही. ती कोणत्या टप्प्यावर आपल्यासाठी उघडते ते सांगत आहोत. ती पदवीनंतर उघडते. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ सालापासून आहे. १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत, आणि ती एम. ए., एम. एस. व पीएच. डी. साठी मिळते, बी. ए. साठी मिळत नाही. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस मिळते. तिच्या ७५ जागा आहेत, आणि तीही पदव्युत्तर शिक्षण व पीएच. डी. साठीच. पदवीला साठ टक्क्यांच्या खाली असलेल्याने राष्ट्रीय शिष्यवृत्तीची आशा धरू नये. वयाची, उत्पन्नाची व विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची मर्यादा असते आणि ती बदलत असते, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. धर्मांतरित बौद्धांस केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीनंतरच मिळू लागल्या. त्याआधीच्या चौतीस वर्षांत आपल्या किती पदवीधरांचे अर्ज केंद्राच्या दारातून परतले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. म्हणून दाखल्यावरील नोंदी आजच तपासून घ्या. ऐन अर्जाच्या वेळी तहसील कचेरीत खेटे घालण्याची पाळी येऊ देऊ नका.

राष्ट्रीय शिष्यवृत्तीविषयी एक तक्रार आम्ही नोंदविल्याशिवाय राहणार नाही. २०२२ साली केंद्र सरकारने तिचे नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. असे विषय भारतातच शिकता येतात, असे कारण पुढे करण्यात आले. वाचकहो, १९१५ सालचा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. १९१६ सालचा निबंध भारतातील जातींवर होता. हा नियम सयाजीराव महाराजांनी केला असता, तर कोलंबियातील तो विद्यार्थी काय लिहून परतला असता? भारताविषयी भारताबाहेर बसून निर्भयपणे लिहिणे हाच त्या प्रवासाचा लाभ होता. विज्ञान व तंत्र यांकडे आपल्या मुलांनी अवश्य जावे. परंतु जातीचा अभ्यास परदेशी विद्यापीठात कोणी करावा आणि कोणी करू नये हे सरकारने ठरवावे, हे आम्हांस मान्य नाही. विद्यार्थी संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा.

अमेरिका ही समतेची भूमी आहे असा भ्रमही कोणी बाळगू नये. तेथील कृष्णवर्णीयांस शाळेच्या दारापर्यंत पोहोचण्यास कायद्याशी झगडावे लागले. गुलामगिरी नष्ट झाल्यानंतर त्यांच्यासाठी निराळी कॉलेजे निघाली. वॉशिंग्टन शहरातील हॉवर्ड विद्यापीठ १८६७ चे, टस्कीगी येथील बुकर टी. वॉशिंग्टन यांची संस्था १८८१ ची. गुलामगिरीविरुद्धच्या त्या लढ्याचे मोल महात्मा फुल्यांनी १८७३ सालीच ओळखले होते. 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील त्या सज्जनांसच अर्पण केला. तथापि शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरावयास १७ मे १९५४ हा दिवस उजाडावा लागला. तीन वर्षांनी लिटल रॉक येथे नऊ मुलांस हायस्कुलात जाण्यासाठी सैन्याचे संरक्षण द्यावे लागले, आणि १९६२ साली जेम्स मेरेडिथ यांस मिसिसिपी विद्यापीठात नेण्यासाठी पुन्हा तेच करावे लागले. राखीव जागांची आपली पद्धत तेथे नाही. १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठराविक जागा राखणे अवैध ठरविले. प्रवेशाच्या वेळी वंशाचा विचार करण्याची जी मुभा उरली होती, तीही जून २०२३ च्या निकालाने गेली. शाळांचा पैसा मालमत्ता-करातून येतो असे वर सांगितले. त्याचा अर्थ असा की, श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. वस्तीवरून शाळा ओळखण्याची कला आपल्यास कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही.

आणि जात? समुद्र ओलांडल्याने जात बुडाली असती तर फार सोपे झाले असते. ती सामानाबरोबर जाते. परंतु तेथे गेलेल्या आपल्या मुलांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला, आणि त्यास फळ आले. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये तेच केले. सिएटल नगराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास बंदी करणारा ठराव केला. संपूर्ण कॅलिफोर्निया राज्यासाठीचे विधेयक विधिमंडळाने संमत केले, पण राज्यपालांनी ते ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठविले. म्हणून तेथे जाणाऱ्याने आपल्या विद्यापीठाचे धोरण वाचून जावे. छळ झाल्यास तक्रार कोठे करावयाची हे पहिल्या आठवड्यात माहीत असावे.

आता धर्मापुरीच्या बंधूंस आमचे उत्तर. जमीन गहाण टाकू नका. मुलाने बारावीनंतर येथेच पदवी घ्यावी. ती शक्य तर चार वर्षांची असावी, कारण पुष्कळ अमेरिकन विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी अपुरी मानतात, आणि नव्या धोरणानुसार चार वर्षांची पदवी आता आपल्याकडेही सुरू झाली आहे. परळी-अंबाजोगाई जवळ आहेत. छत्रपती संभाजीनगरात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय १९५० पासून आहे, आणि १९५८ साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने उभे आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज करावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहेच. तिचे मूळ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ साली सुरू झालेल्या शिष्यवृत्त्यांत आहे. पदवीच्या वर्षांत मुलाने इंग्रजी लिहिण्याचा सराव करावा आणि एका विषयात असे काही काम करावे की जे पाहून प्रोफेसर स्वतः होऊन शिफारस देतील. मग बाविसाव्या वर्षी त्याने अर्ज करावा.

राहिली मुलीविषयीची ती एक ओळ. बंधूंनो, चार पानांच्या पत्रात आपण मुलाच्या अमेरिकेविषयी विचारले, आणि मुलीची नववी एका ओळीत कारखान्यावर नेलीत. वर आम्ही लिहिले की तेथे मोजदाद नववीपासून होते. दिवाळीपासून पाच-सहा महिने ती वर्गात नसेल, तर तिच्या उताऱ्यावर काय उमटेल? १९१८ साली धर्मानंदांनी हार्वर्डला जाताना कन्येस घरी ठेवले नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालविण्याची तरतूद आहे. ते आपल्या गावी सुरू होते की नाही याची विचारणा मुख्याध्यापकांकडे व शिक्षण विभागाकडे मुकादमाची उचल घेण्यापूर्वी, लेखी करावी. सुरू होत नसेल तर तसे आम्हांस कळवावे. पुढील अंकात आम्ही तो पत्रव्यवहार छापू. धाकट्या भावंडाची व्यवस्था आजीकडे होते का, मावशीकडे होते का, हे घरात बसून ठरवावे. मुलगा बारावीत आहे, दिवाळीच्या सुट्टीत तोही ते करू शकतो.

एजंटास काही रक्कम अगाऊ दिली असल्यास पावतीसह परत मागावी.